दम लवकर वाढतो, कंडरा सावकाश

धावायला सुरुवात केलेली पुष्कळ माणसे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थांबतात, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आले आहे. त्यांतली फार थोडी आळसामुळे थांबतात. बहुतेकांचे धावणे सुटते ते नेमके ते आवडू लागल्यावर. सुरुवातीची धाप कमी झालेली असते, अंतर वाढत असते, झोप चांगली लागत असते, आणि अशातच एके दिवशी नडगी दुखू लागते, टाचेच्या मागचा भाग ताठरतो किंवा गुडघ्याच्या वाटीभोवती कळ येते. मग कोणीतरी सांगते की धावणे या वयाला मानवत नाही, आणि बूट कपाटात जातात. हे बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखे असते, म्हणून मला त्याचे फार वाईट वाटते. धावणे आणि जिममधला व्यायाम या दोन्ही गोष्टी माझ्या आठवड्यात आता पक्क्या बसल्या आहेत. त्या एकमेकींना का लागतात हे नीट समजून घेतले, तर तिसऱ्या महिन्यातला हा अवघड टप्पा बहुतेकांना सुखरूप पार करता येईल, असे माझे ठाम मत आहे.

मुळात शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलता येते आणि त्याच वेगाला नाडी पूर्वीपेक्षा कमी पडू लागते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि ऊर्जा तयार करणारी तंतुकणिकांची यंत्रणा वाढते. महिन्या-दीड महिन्यात माणसाला आपला दम वाढल्याचे स्पष्ट जाणवते, आणि ती जाणीव खरीच असते. कंडरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या या चिवट पट्ट्यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यांच्यातील बदल सावकाश होतात आणि वाढत्या भाराला सरावायला त्यांना कित्येक महिने लागतात. हाडांचे काम तर आणखी नाजूक क्रमाने चालते. नवा भार पडू लागला की आधी त्या जागचे जुने हाड काढून टाकले जाते आणि त्यानंतर तिथे नवे हाड भरले जाते. ही एक फेरी पुरी व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा थोडी कमजोर असते. म्हणजे ज्या सुमारास दम माणसाला आणखी धाव म्हणून सांगत असतो, त्याच सुमारास नडगीचे हाड दुरुस्तीच्या ऐन मध्यावर असते.

या भाराचे आकडे एकदा डोळ्यांसमोर आणले की हे प्रकरण किती गंभीर आहे ते कळते. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल परत मिळते. मिनिटाला 160 ते 180 पावले धरली तर अर्ध्या तासात सुमारे पाच हजार पावले होतात. टाचेमागच्या अकिलिस कंडरेवर पडणारा ताण याहून किती तरी मोठा, शरीराच्या वजनाच्या सहा पटींपेक्षाही जास्त असू शकतो, कारण पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आख्खे शरीर पुढे लोटत असतो. चालण्याची सवय असलेल्या शरीराला हा भार नवा असतो आणि तो एकाएकी, हजारो पावलांनी येतो.

यावर पहिला उपाय म्हणजे सावकाश धावणे. किती सावकाश, तर शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतके. तोंडातून दोन-तीन शब्दांचे तुकडेच बाहेर पडत असतील तर वेग जास्त आहे असे समजावे, आणि जमत नसेल तर मध्ये मध्ये चालावे. चालण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी 6 ते 20 अशी एक श्रेणी तयार केली होती. तिची सुरुवात 6 वर होण्यामागे कारण असे, की श्रेणीतील आकड्याला 10 ने गुणले की तरुण, निरोगी माणसाच्या नाडीचा ढोबळ अंदाज यावा. त्या श्रेणीवर 11 ते 12 च्या आसपास राहणारे धावणे हे माझ्या आठवड्यातले बहुतेक धावणे आहे. मनगटावरचे घड्याळ उपयोगी असते, पण घामाने, थंडीने किंवा पट्टा सैल राहिल्याने ते नाडी चुकीची दाखवते. बोलता येते की नाही, ही कसोटी त्या मानाने अधिक भरवशाची आहे.

सावकाश धावून वेग कसा वाढेल, ही शंका प्रत्येक नवा धावक घेतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी या शंकेला फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी आपल्या मध्यम अंतराच्या धावपटूंनाही आठवड्याला 160 किलोमीटरच्या आसपास, दमसास राखून धावायला लावले, आणि त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पावणेदोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी तासन् तासांच्या धावण्याचा पाया! आपल्याला अर्थातच ना ते अंतर हवे ना ते पदक, पण तत्त्व तेच आहे. दमदार हृदय आणि सरावलेले पाय सावकाश धावण्याच्या तासांतून तयार होतात, आणि वेगाचा सराव त्यावर पुढे थोडासा चढवायचा असतो.

अंतर वाढवण्याबाबत एक नियम सर्वत्र सांगितला जातो: आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करू नये. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो, पण नेदरलँड्समध्ये 532 नवशिक्या धावकांवर केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा टक्क्यांच्या नियमाने सावकाश वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे दोन्हींकडे पाचांत एक, असे निघाले. माझ्या मते दर आठवड्याला वाढ झालीच पाहिजे, हा आग्रहच सोडून द्यावा. एखादे अंतर पेलले की तोच आठवडा जसाच्या तसा दोन-तीन वेळा करावा, पाय कुरकुरत नाहीत याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे. आठवड्यातून तीन दिवस धावणे, दोन धावण्यांमध्ये किमान एक दिवस मोकळा, ही मांडणी नवशिक्याला पहिले सहा महिने पुरते. दर आठवड्याला वाढणारा आलेख पाहायला कितीही छान वाटला तरी हाडांना तो दिसत नाही.

दुसरा उपाय जिममध्ये आहे, आणि धावणारी माणसे तिथेच सर्वांत जास्त टाळाटाळ करतात. सावकाश धावण्याने कंडरांवरचा भार आवाक्यात राहतो, पण कंडरांना खऱ्या अर्थाने दणकट करायचे तर त्यांना जड, संथ आणि मोजका भार द्यावा लागतो. हलक्या वजनाने भराभर केलेल्या पन्नास रेप्सना, म्हणजे आवर्तनांना, कंडरा फारसा प्रतिसाद देत नाहीत. या बाबतीतली सर्वांत ठळक साक्ष स्वीडनमधूनच येते. अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकिलिस कंडरेच्या जुन्या दुखण्याने बेजार झालेल्या 15 हौशी धावकांना बारा आठवडे एकच गोष्ट करायला लावली: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे आणि भार एका पायावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची, रोज दोन वेळा, हळूहळू पाठीवर वजन वाढवत. बारा आठवड्यांनंतर ते पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. अभ्यास लहान होता आणि पुढे या पद्धतीत बदलही झाले, तरी जड भार हेच कंडरेचे औषध असू शकते ही कल्पना तिथून रुजली.

म्हणून माझ्या जिमच्या दिवसाची सुरुवात पोटऱ्यांपासून होते. लाकडी ठोकळ्याच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवायचा, एका हातात डंबेल घ्यायचा, दुसरा हात तोलापुरता भिंतीला टेकवायचा. तीन आकडे मोजत वर जायचे, अंगठ्याच्या बुंध्यावर भार आणत क्षणभर थांबायचे, आणि तीन आकडे मोजत टाच ठोकळ्याच्या पातळीखाली सोडायची. खाली जाताना टाचेमागची दोरी ताणली जाते, पोटरीत उबदार ओढ बसते, आणि आठव्या-नवव्या रेपला घोटा थरथरू लागतो. तिथे घाई करून उसळी घेण्याचा मोह होतो, पण उसळी घेतली की काम कंडरेच्या स्प्रिंगने होते आणि स्नायू सुटतो. गुडघा सरळ ठेवून हे केल्यावर तोच प्रकार गुडघा वाकवूनही करावा लागतो. पोटरीचा वरचा, नजरेत भरणारा स्नायू गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून निघतो, तर त्याखालचा रुंद स्नायू गुडघ्याच्या खालून निघतो. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि सगळा भार खालच्यावर येतो. धावताना सर्वांत जास्त राबणारा स्नायू हाच आहे, आणि जिममध्ये बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

बाकीचा व्यायाम मी मोजकाच ठेवते. वजन घेऊन उठाबशा काढण्याचा स्क्वॉट, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकण्याची डेडलिफ्ट, एका पायाने पायरी चढण्याचा स्टेप-अप किंवा एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा लंज, पाठीसाठी वजन पोटाकडे ओढण्याचे रोइंग, आणि कुशीवर शरीर सरळ धरून ठेवण्याचा प्लँक. धावणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर सतत उतरत राहणे असल्यामुळे एका पायाचे व्यायाम मला यंत्रावर बसून मांड्या फाकवण्यापेक्षा केव्हाही अधिक मोलाचे वाटतात. नितंबाच्या बाजूचा स्नायू दुबळा असेल तर एका पायावर उभे राहताच कंबर दुसऱ्या बाजूला झुकते आणि गुडघा आत वळतो, हे आरशासमोर स्टेप-अप करताना अगदी स्पष्ट दिसते. आरशाचा इतका चांगला उपयोग जिममध्ये दुसरा नाही.

वजन किती घ्यावे, याचे उत्तर अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिले. गुडघ्यांच्या दुखापती घेऊन आलेल्या सैनिकांना तोवर हलक्या वजनाचे, पुष्कळ आवर्तनांचे व्यायाम दिले जात. स्वतः वजने उचलणाऱ्या डिलॉर्म यांनी मोजक्या आवर्तनांना जेमतेम झेपेल इतके जड वजन द्यायला आणि ताकद वाढेल तसे ते वाढवायला सुरुवात केली. सैनिक लवकर बरे होऊ लागले, आणि दहा रेप्सचा सेट, म्हणजे न थांबता केलेली दहा आवर्तनांची फेरी, जिमच्या भाषेत कायमचा बसला. आज मी वजन असे निवडते, की सेट संपताना अजून दोन रेप्स नीट करता आल्या असत्या. सगळे सेट त्या राखीव दोन रेप्ससकट व्यवस्थित पार पडू लागले की पुढच्या वेळी वजन किंचित वाढवते. पहिल्या काही आठवड्यांत वजन झपाट्याने वाढते, त्याचे कारण स्नायू मोठे होणे नसून मज्जासंस्था आहे तेच स्नायुतंतू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावायला शिकते, हे आहे. इथेही पुन्हा तोच धोका असतो. उचलण्याची क्षमता आधी वाढते आणि कंडरा मागून येतात, म्हणून या काळात वजन वाढवताना हात आखडता घ्यावा.

दोन्ही एकत्र करणाऱ्यांना एक भीती हमखास असते, की धावण्याने कमावलेले स्नायू झडून जातील. या भीतीला शास्त्रीय आधार रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या अभ्यासातून मिळाला. त्यांनी एका गटाला फक्त ताकदीचा, दुसऱ्याला फक्त दमाचा आणि तिसऱ्याला दोन्ही व्यायाम दहा आठवडे दिले. तिसऱ्या गटाची ताकद सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. दम मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. हा निष्कर्ष जिममध्ये पुष्कळ वेळा ऐकू येतो, पण त्यातला महत्त्वाचा तपशील सहसा गाळला जातो: त्या गटाला आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमाचा जोरदार व्यायाम होता. आठवड्याला अशी अकरा सत्रे करणारा माणूस सामान्य आयुष्यात क्वचितच सापडेल. तीन दिवस धावणे आणि दोन दिवस वजने, एवढ्या मांडणीत ताकदही वाढते आणि दमही. सर्वोच्च पातळीवरच्या शरीरसौष्ठवपटूने काळजी करावी, बाकीच्यांनी निर्धास्त राहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरदार व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात. त्यातला 'त्याशिवाय' धावणाऱ्यांनी जरा जपून वाचावा.

दिवसांची मांडणी करताना एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. पायांची जड वजने लांब धावण्याच्या आदल्या दिवशी कधीच ठेवत नाही. वेगाचा सराव असेल तर त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने जिम करते, म्हणजे दुसरा दिवस पूर्णपणे हलका राहतो. रोज थोडे थोडे दमून जाण्यापेक्षा कठीण दिवस खरोखर कठीण आणि सोपा दिवस खरोखर सोपा असणे शरीराला जास्त मानवते. झोप आणि आहार यांच्याविषयी इतकेच म्हणते की सात-आठ तासांची झोप आणि पुरेशी प्रथिने नसतील तर वर सांगितलेले सगळे अर्धवट लागू पडते. वजनांचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमपर्यंत प्रथिने उपयोगी पडतात, असे या विषयावरच्या संशोधनाचे सार आहे.

धावून गुडघे झिजतात, या समजुतीने पुष्कळांना घरी बसवले आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आढाव्यात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावकांत 3.5 टक्के, न धावणाऱ्या बैठ्या माणसांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के आढळले. धावणारी माणसे बहुधा मुळात सडपातळ असतात, त्यामुळे हे सगळे श्रेय धावण्याचे आहे असे म्हणता येत नाही. पण हौसेने, मापात धावल्याने गुडघे खराब होतात, या म्हणण्याला त्यातून कसलाही दुजोरा मिळत नाही.

दुखणे ओळखता येणे मात्र प्रत्येकाने शिकले पाहिजे, कारण सगळे दुखणे एक नसते. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या किंवा पोटऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या दुखत असतील, पसरट दुखत असतील आणि हालचालीने मोकळ्या होत असतील, तर ते स्नायूंचे दुखणे आहे आणि ते दोन-तीन दिवसांत जाते. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेमागे ताठरपणा जाणवत असेल आणि चालता चालता तो सुटत असेल, तर कंडरा तक्रार करते आहे. अशा वेळी अंतर आणि वेग कमी करावा, पण पोटऱ्यांचा संथ व्यायाम सोडू नये, कारण पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी दुबळी होते. आणि नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दाबल्यावर ठणकत असेल, धावताना वाढत जात असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला बारीक तडा गेल्याची ती खूण असू शकते, आणि तिथे जिद्द दाखवून नुकसान वाढण्याखेरीज काहीही पदरात पडत नाही. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा श्रमाच्या मानाने फारच धाप लागणे, यांबाबतही हेच. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

आजारपण, प्रवास, कामाचा ताण यांमुळे खंड पडतोच, आणि तो पडला की मनाला फार लागतो. इथेही शरीराचे निरनिराळे वेग समजून घेतलेले बरे. रक्तातील द्रवाची वाढ दोन आठवड्यांत ओसरू लागते, म्हणून खंडानंतरच्या पहिल्या धावण्यात सगळे कमावलेले गेले असे वाटते. जे लवकर जाते ते लवकरच परत येते, हे लक्षात ठेवून तो पहिला आठवडा निर्धास्तपणे चालत-धावत काढावा. ताकद त्या मानाने चिवट असते. आठवड्यातून एकच जिमचा दिवस हाती लागला, तरी वजन तेवढेच ठेवून सेट कमी केल्यास ती बराच काळ टिकते, आणि धकाधकीच्या महिन्यांत मी तेवढेच करते. लांब खंडानंतर जिममध्ये परतताना मात्र पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्या सेटवर थांबते, कारण खाली उतरताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंची सवय सुटलेली असते आणि जुने वजन सहज उचलले गेले तरी तिसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते. पुढच्या आठवड्यात तेच वजन, तेच सेट पुन्हा विनासायास होतात, आणि तोवर धावण्याचे अंतर खंडाआधीच्या अंतराच्या अर्ध्यावरच ठेवते.